जिवंत माणसाची पाटी

६ ऑक्टोबर १९९६, रविवार

दोन बस आल्या. एक डोंबिवली, एक मुलुंड. पाट्या उजाडायच्या आत हलवून झाल्या होत्या.

विकलेली झाडं सहा हजार तीनशे. जगलेली दोनशे बारा. ज्या रविवारी ज्यांची बस, त्या रविवारी त्यांच्या नावाच्या पाट्या जगलेल्या सागांशी. बाकीच्या पाट्या शेडमध्ये, गवताखाली. बस गेली की पुन्हा शेडमध्ये. गिऱ्हाईक झाडाला हात लावून फोटो काढतं. त्याच झाडाला मागच्या रविवारी दुसऱ्याने हात लावलेला असतो.

कंपनीचे मालक रेगेसाहेब यांनी आज कॉम्प्युटर आणला होता. मंडपात टेबलावर ठेवला, जनरेटर लावला. नाव सांगितलं की प्रमाणपत्र छापून बाहेर येतं – झाड क्रमांक, लागवडीची तारीख, विसाव्या वर्षीची किंमत. किंमत रेग्यांनी काल जेवताना ठरवली. "पन्नास फार गोल वाटतं रे, एकावन्न हजार सहाशे कर."

एक निवृत्त गृहस्थ बायकोला सांगत होते – "माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?" त्यांनी आणखी चार झाडं घेतली.

८ ऑक्टोबर

पाट्यांचं काम. मी पत्र्यावर खडूने नाव लिहितो, वाळू त्यावरून पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवतो. वाळू मेंगाळ. बेहेडपाड्याचा. आमचा माळी, राखणदार, पेंटर. एक अक्षर वाचता येत नाही, पण वेलांटी माझ्यापेक्षा सुबक काढतो. त्याच्या बायकोचं नाव बारकी, ती रोपांना पाणी घालते. मला दोघं मास्तर म्हणतात. मुरबाडला कॉलेजात दोन वर्षं तासांवर शिकवलं, हे कधीतरी बोलून गेलो होतो.

कॉलेजात तासाचे पैसे वर्षाने मिळायचे. इथे एक तारखेला मिळतात. त्यावर आणखी काही लिहायचं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज मेलोच होतो!

काल सर्वपित्री अमावस्या. ठाण्याची बस आली, माणसं उतरली, धावत आपापल्या झाडाशी गेली – आणि प्रत्येक पाटीला शेंदूर. खाली पानावर भात. वर दारूचा शिंतोडा, वास येत होता. पाड्यातल्या बायकांनी रात्री पितरं जेवू घातली होती. पितरं म्हणजे आमची गिऱ्हाइकं.

एक बाई ओरडली – "हे काय? माझ्या मिस्टरांच्या नावापुढे भात?" मिस्टर बाजूलाच उभे, टोपी घालून. रेग्यांचा चेहरा पिवळा.

मी पुढे झालो. म्हणालो, आपली आदिवासी भावंडं वृक्षाला देव मानतात. आपलं झाड त्यांनी आपल्या देवात घेतलं आहे. हा मान कुणालाही मिळत नाही.

टाळ्या! बाईने पाटीला नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत एकोणीस झाडं जास्त गेली. परतताना रेग्यांनी पाठीवर थाप मारली – "देसले, तुझं एमए वसूल झालं."

१४ ऑक्टोबर

बारकीला विचारलं, हे काय केलंत?

"मंग? मेल्यांना उपाशी ठेवाचा?"

ही माणसं जिवंत आहेत, म्हटलं.

ती हसली. "येड्यात नको काढू मास्तर. जित्या माणसाचं नाव कोन फळीवर लिवतंय?"

पाड्यात माणूस मेला की सागाची फळी कोरतात. चंद्र, सूर्य, घोडा. ओढ्यापलीकडे रोवतात. तिला वाटलं शहरातली मेलेली माणसं फार, तिकडे जागा नाही, म्हणून इकडे आणून रोवतात. आणि रविवारी बसमधून नातेवाईक येतात. दीड वर्ष ती हे समजून मेलेल्यांना पाणी घालत होती.

मग चेष्टेत विचारलं, जित्या माणसाची फळी रोवली तर?

तिने हसणं थांबवलं. "रोवतात. सोमीच्या भावाची रोवली. वीटभट्टीवाल्याशी मिळून पाड्यातली पोरं नेली त्यानं. दोन परत नाय आली. मंग रोवली फळी."

म्हणजे काय झालं?

"मेला. घरी आला तं आईनं पानी नाय दिला. नाव नाय घ्याचं, बगाचं नाय, बोट नाय दाखवाचं. मेल्याकडं बोट केला तं त्यो बोट धरून घरात येतो."

सोमीचा भाऊ आता कुठे आहे?

"मेला सांगतंय ना!"

पाड्याबाहेर वाळूने सांगितलं – कसाऱ्याकडे एका हॉटेलात कपबशा धुतो.

१० नोव्हेंबर

दिवाळी. रेग्यांनी बोनस म्हणून दहा झाडं दिली. रोख नाही – झाडं! वर माझ्या नावाची पाटी, स्वतः ठाण्याहून रंगवून आणलेली. भगीरथ देसले, वृक्ष क्र. ६४०१ ते ६४१०. ती झाडं नाहीत हे त्यांना माहीत, मला माहीत. दोघांनी हात मिळवले.

पाटी वाळूला दिली, म्हटलं शेडमध्ये टाक कुठेतरी. बारकीने ती पदरात गुंडाळून नेली. मी जिवंत आहे, माझी पाटी मेलेल्यांत नको म्हणून.

२२ जून १९९७

पलीकडची अठरा एकर हवी आहे. आदिवासींची जमीन, आपल्याला घेता येत नाही. रेगे म्हणाले – "एक आदिवासी डायरेक्टर पाहिजे. जमीनही त्याच्या नावे, कंपनीही. अंगठेबहाद्दर नको, सही पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको, फसवून अंगठा घेतला."

माझ्याकडे बघत होते.

२९ जून

वाळूच्या घरी. कुडाच्या भिंतीला टेकून बसलो. बारकी चुलीशी.

अवघड नव्हतं. खडूने लिहिलं – वाळू मेंगाळ. म्हटलं, पाटीवर ब्रश फिरवतोस तसं पेन फिरव. पन्नास वेळा फिरवलं. मग खडू पुसला. हात आपोआप चालला! जीभ बाहेर काढून शेवटचा ळ काढला आणि हसला. मग मी रेग्यांनी दिलेले कागद पुढे केले.

बारकीने विचारलं, "ही कसली कागदं रं?" माझ्याकडे न बघता विचारलं.

"डायरेक्टर झालो मी," वाळू म्हणाला.

"म्हंजे?"

"मास्तर, म्हंजे काय?"

मालक, म्हटलं. नावाचा.

एक्केचाळीस सह्या. वाळूच्या पगारात दोनशे वाढ. निघताना बारकीने कोरा चहा दिला. "मास्तर, तू लिवलंस, तू वाचलंस. यात वाळूचं वाईट नाय ना?"

नाही, म्हटलं.

११ जुलै

वाळूने घराच्या भिंतीवर गेरूने सही काढली आहे. हातभर मोठी. पाड्यातले लोक बघायला येतात. एक म्हातारी म्हणाली, "मेंदीचा पान हाय जसा."

४ मार्च १९९८

ठाण्याच्या ऑफिसात फोन उचलत नाहीत.

१९ मार्च

रेगे दुबईला आहेत म्हणे. कॉम्प्युटर मात्र इथेच. उंदरांनी वायर खाल्ली.

५ एप्रिल

बस नाही. लोक शहापूरहून जीप करून येतात, एकेक, दोघं दोघं. पाट्या हलवायला आता कोणी सांगत नाही. ते शेड उघडतात, गवत काढतात, ढिगात आपलं नाव शोधतात. सापडलं की उचलून धरतात. त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही.

ते टोपीवाले गृहस्थ आले होते. एकटे. विचारलं, "माझं झाड कुठलं हो? खरं सांगा, रागावणार नाही." मी एक साग दाखवला. त्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला त्यांनी. जाताना मला धन्यवाद दिले.

२ ऑगस्ट

एवढ्या गिऱ्हाइकांपैकी तक्रार केली त्रेपन्न जणांनी. बाकीचे लाजतात. मुलांना, शेजाऱ्यांना काय सांगायचं! ब्रोशर लिहिताना मी हे धरूनच चाललो होतो.

१४ डिसेंबर

वाळूला नेलं. कागदावर मालक तोच. अठरा एकर त्याची, कंपनी त्याची, एक्केचाळीस सह्या त्याच्या.

जीपमध्ये बसवताना त्याने भिंतीकडे हात केला. म्हणाला, "ही माझीच सही. मास्तरानं शिकवली." हवालदार म्हणाला, "छान शिकवली हो." सगळे हसले.

मी तेव्हा शहापुरात होतो. हे जीपवाल्याने सांगितलं.

१७ डिसेंबर

बारकी माझ्या शहापूरच्या खोलीवर आली. पाड्यापासून चालत. घरमालकाने जिन्यातच अडवलं होतं, वर घेऊन आलो.

बसली नाही. "मास्तर, एक बोल सांग फौजदाराला. कागद तू आनलास. त्यो शेठनं दिला. एवढाच बोल. मी व्हती ना तिथं, मी चा दिला."

बघतो, म्हटलं.

"बगतो काय रे? वाळूला तिथं पानी पन मागता येत नाय. त्याला त्यांची बोली समजत नाय, त्यांना त्याची. त्यो समद्याला हो म्हनतो. चोरी केलीस? हो. पैसं खाल्लंस? हो."

बघतो.

दाराकडे वळली. मग विचारलं, "मास्तर, तुला पाड्यात कवा उपाशी धाडला?"

घरमालक खालून खोकला.

१९ डिसेंबर

जबाब दिला. मी पगारी नोकर. पाट्या आणि माहितीपत्रकं लिहिण्याचं काम. सह्या संचालकांच्या आहेत का? होय. तुमच्यासमोर केल्या? माझ्यासमोर केल्या. स्वखुशीने? हसत केल्या.

एक शब्द खोटा नाही. घरी येऊन पुन्हा तपासून पाहिलं.

३ जानेवारी १९९९

सामान आणायला शेडवर गेलो. ओढ्यापलीकडे फळ्यांच्या रांगेत काहीतरी चमकत होतं. पत्रा. भगीरथ देसले, वृक्ष क्र. ६४०१ ते ६४१०. वर चंद्र, सूर्य – खिळ्याने कोरलेले. पानावर भात, अजून वाफ.

हसू आलं. खरंच आलं.

मग पाड्यात शिरलो. सोमी दळत होती. हाक मारली. जातं चालू राहिलं. दामूच्या अंगणात पाणी मागितलं. दामूने कुत्र्याला हाकललं, जिथे मी होतो त्याच्या थोडं बाजूला. बारकी दारात तांदूळ निवडत होती. समोर उभा राहिलो. माझी सावली सुपात पडली. तिने सूप उन्हात सरकवलं.

पाणी शहापूरला येऊन प्यायलो.

९ फेब्रुवारी

फौजदार बदलले. नवे आहेत ते फाइल वाचतात!

आज बोलावलं होतं. "देसले, जो माणूस वाळू मेंगाळ एवढंच लिहू शकतो, तो ठरावात 'सर्वानुमते' कसं लिहील? घरात आणखी कोण होतं? बायको. कागद आणणाऱ्या माणसाला ती ओळखेल. शुक्रवारी कचेरीत पाच जणांत उभं राहायचं. तिने बोट ठेवलं की वाळू साक्षीदार आणि तुम्ही आत."

ती ओळखेल. चहा दिला होता.

११ फेब्रुवारी

मुरबाडला आईला भेटून आलो. काही सांगितलं नाही. गरम कपडे बॅगेत भरले, आत लागतील. वाळू दोन महिने एका सदऱ्यावर आहे. बारकीला उद्या फक्त हात वर करायचा आहे. लुगड्याखालून एक बोट.

१२ फेब्रुवारी

पाच जणांत तिसरा उभा होतो. बारकी आली. पहिल्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग चौथ्याकडे. साहेबांनी तीनदा समजावलं – बाई, नवरा सुटेल, घाबरू नको, बोट ठेव. उजवा हात तिने डाव्या हाताने दाबून धरला. "ज्यानं कागद आनला त्यो मेला सायेब," म्हणाली. "त्याची फळी मीच रोवली. आता कसा बोट करू? तवा म्हाईत नव्हता तुमी इचारनार." आणि रडायला लागली.

साहेबांनी लिहिलं – ओळख पटली नाही.

बाहेर आलो. जिन्यावर ती समोरून आली. डोळे उघडे, सरळ. मी बाजूला झालो.