लाईन पडली हे सांगायचं कोणी

सर, गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितली आणि घरी येऊन मी बायकोला म्हटलं, काही नाही, गॅसेस आहेत. तिने ओव्याचं पाणी दिलं, मी निमूट प्यायलो. तेव्हापासून तुमची आठवण येते आहे, आणि खरं सांगतो, प्रेमाने कमी, रागाने जास्त.

पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधलं माझं पहिलं काम आठवतं? मिलचे कॉम्प्युटर हेड ऑफिसशी जोडणारी लीज्ड लाईन, म्हणजे भाड्याने घेतलेली खास लाईन होती. ती पडली तर राउटरने आपणहून मोडेमला कामाला लावायचं आणि मिलच्या साध्या फोनवरून हेड ऑफिसशी जोडून घ्यायचं, अशी सोय मी केली होती. वायर उपटून पाहिली, मोडेमची किरकिर ऐकली आणि खूश होऊन घरी गेलो. पुढे गटाराच्या खोदकामात कोणीतरी केबल तोडली, आणि सोय इतकी छान चालली की कोणाला पत्ताच लागला नाही. बिलं निघत होती, जरा रडतखडत, एवढंच. शेवटी डाइंग मास्तर ओरडत आले, "अरे भाई, वेपारी कहे छे के फोन आखो दिवस एंगेज आवे छे!" दिवसभर फोन एंगेज? पाहतो तर लीज्ड लाईन केव्हाची मेलेली आणि बिचारा फोन एकटा सगळं ओढतोय. मी शाबासकीच्या तयारीत उभा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "निभावलं, ते बरं झालं. पण लाईन पडली हे सांगायचं कोणी रे भो? उद्या हा फोनबी गेला, मग?" आणि बॅकअप सुरू होताच आपल्या ऑफिसात निरोप यावा, अशी व्यवस्था तिथेच बसवून माझ्याकडून करून घेतलीत.

आणि तुम्ही काय केलंत? आमच्यादेखत गोळी जिभेखाली ठेवायचात आणि अ‍ॅसिडिटी म्हणायचात. तुमच्या भेस्तानच्या घरी तुमच्या तेराव्याला आलो तेव्हा काकू चहा पुढे करत म्हणाल्या, "हृदयाचं दुखणं वर्षभर माहीत होतं त्यांना. मला एका शब्दानं बोलले नाहीत, भाऊ." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी तुम्हाला मनातल्या मनात कितीदा सुनावलंय. आता मात्र कळतं, काकूंचा चेहरा तुम्हाला पाहवला नसता.

बायको समोरच वालपापडी निवडत होती. "अहो, एवढं कोणाला लिहिताय?" म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसचं आहे. मेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं, सर, तो घाबरत नाही. हे पत्र कुठे जायचं नाहीच. पण आत्ता ती ताट खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "गॅसेस झालेला माणूस जिन्यात भिंत धरून उभा राहत नाही."

मला भीती वाटते आहे, सर. हे आता तिलाच सांगतो.