कपाळावरचं मीठ

१२ मार्च २००६, रविवार

आले बाई एकदाची पुण्याला! अकोल्याहून रात्रभर बसमध्ये आंबून निघाले होते, पण शिवाजीनगरला आमोद गाडी घेऊन उभा दिसला आणि शीण पळाला. धाकट्या भावाचा हा मुलगा. लहानपणी माझ्या पदराला नाक पुसायचा, आता हिंजवडीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसून अमेरिकेची कामं करतो. येताना मला विचारतो, माला आत्या, एसी लावू का? मी म्हटलं, अकोल्याचं ऊन खाल्लेल्या बाईला पुण्याच्या मार्चमध्ये एसी लावलास तर मला शाल दे.

घर कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. मागच्या गॅलरीतून टेकडी दिसते. मधे सोसायटीची भिंत आणि थोडी उजाड जागा. लिफ्टमध्ये पाटी आहे: ‘लिफ्ट वर-खाली करते, तुमच्या गप्पा ऐकत नाही. दार लावा.’ हे पुणं!

आणि स्पृहा! पाच महिन्यांची, पण अंगाने तीन महिन्यांची वाटते. डोळे मात्र एवढे मोठे की सगळा चेहरा त्यांनीच भरलाय. आमोदची बायको नीरजा म्हणाली, आत्या, तिच्या कपाळाचा पापा घ्या. घेतला. ओठ खारट झाले. नीरजा म्हणाली, हाच तो आजार. सिस्टिक फायब्रोसिस. घाम खारट होतो, छातीत कफ घट्ट होतो, खाल्लेलं पचत नाही. घामाची तपासणी केली तेव्हा कुठे कळलं. सांगताना तिचा आवाज कोरडा होता. रडून झालं असणार.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हापासून नुसती रिकामी बसले होते. मागे कुणाचं लटांबर नाही. या पोरीसाठी देवानेच मला मोकळं ठेवलं असावं, असं आज वाटलं. बोलले नाही, लोक हसतात.

१६ मार्च

कामाला हात बसला. दूध पाजण्याआधी कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे शिजवलेल्या सफरचंदात कालवून द्यायचे, म्हणजे दूध पचतं. दाणे चुरडायचे नाहीत. मग वाफ. मग मांडीवर तिरकं निजवून, हाताची ओंजळ करून पाठीवर आणि छातीवर थोपटायचं, म्हणजे कफ सुटतो. पहिल्या दिवशी माझा हात उचलेना, एवढीशी ती पाठ! नीरजा म्हणाली, आत्या, लाड नाही, औषध समजून थोपटा. आता टप टप सुरू झालं की पोरगी डोळे मिटून घेते, तिला ते आवडतं.

डॉक्टरांनी उन्हाळ्याचं मात्र बजावलंय. हिच्या घामातून मीठ निघून जातं. जास्त गेलं तर बघता बघता मूल गळून पडतं. म्हणून दुधातून, पाण्यातून त्यांनी सांगितलेलं मीठ रोज पोटात गेलंच पाहिजे.

आमोद उद्या कॅलिफोर्नियाला चाललाय, चार महिन्यांसाठी. नीरजाची नोकरीही हिंजवडीलाच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरी मी, स्पृहा आणि भांड्यांना येणारी इंदुबाई. इंदुबाई खडकवासल्याकडची, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. आमचं जमेल.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी मीच उभारली. सोसायटीतल्या बायका आल्या, स्पृहाला हातोहात घेतलं. किती गं मोठे डोळे, किती गं गोरी! सगळ्या गेल्या आणि पोरीने जी किरकिर लावली, ती थांबेना. दृष्ट लागली, दुसरं काय!

मीठ-मोहरी घेऊन उतरवली. आमच्याकडे हे चुलीतल्या निखाऱ्यावर टाकतात. इथे गॅस. तव्यावर टाकणार होते, पण नीरजा धावत आली. धूर नको, आत्या, तिच्या छातीला धूर चालत नाही. बरोबरच होतं तिचं. मग ती मूठ गॅलरीतून खाली टेकडीच्या बाजूला भिरकावली आणि मागे न बघता आत आले. पोरगी लगेच झोपली.

आता रोज संध्याकाळी काढणार आहे. नीरजा हसते. हसू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

५ एप्रिल

गॅलरीच्या बरोबर खाली मी टाकलेल्या मिठाचा पांढरा डाग पडायला हवा होता. तिथे कणभर मीठ नाही. आज खाली जाऊन पाहिलं. माती चाटून चाटून गुळगुळीत झालीय, वाटीएवढा खड्डा पडलाय. गुरं अशी खारी माती चाटतात. पण इथे भिंतीच्या आत गुरं कुठली? वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, कुत्रंसुद्धा तिकडं जात नाही.

इंदुबाईला सांगितलं तशी तिच्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं. म्हणाली, “ताई, ल्येकराचं उतरलेलं मीठ इस्तवातच जाळायचं आसतं. भाईर टाकलं की भाईरच्याला ल्येकराची चव कळती. आमच्याकडं समद्यांना म्हाईत हाय.”

मी तिला उडवून लावलं. पण आज मीठ उतरवलं नाही. उगीच कशाला.

९ एप्रिल

आज आनंदाने उड्या मारायच्या बाकी होत्या! दुपारी जेवून पाळण्याजवळच्या खुर्चीत माझा डोळा लागला. उठून स्पृहाचा पापा घेतला, तर कपाळ खारट नाही! गाल नाहीत, मान नाही. कुठेच खारट नाही. नीरजा रविवार असूनही ऑफिसात होती, तिला फोन केला, अगं, पोरगी बरी होतेय!

ती म्हणाली, आत्या, हा आजार असा जात नाही. पुसलं असेल तुम्ही.

मी पुसलं नव्हतं. आणि एक गोष्ट तिला सांगितली नाही. पोरीचं जावळ कपाळावरून मागे चापून बसलं होतं. ओलं होतं. घामाने केस असे एका बाजूला बसत नाहीत.

१३ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात आहोत. दुपारी स्पृहाने दूध ओकलं आणि मान टाकली. हाक मारली तर डोळे फिरवले फक्त. रिक्षात मी देवाचं नाव घेत होते की नुसती ओरडत होते, आठवत नाही. सलाईन लावलंय. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर मूल हाती लागलं नसतं.

त्यांनी विचारलं, सांगितलेलं मीठ नियमित देता ना? मी हो म्हटलं. देवाशपथ देते. नीरजाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

१७ एप्रिल

घरी आणली. मिठाचं प्रमाण वाढवून दिलंय. पाळण्यासमोर कॉम्प्युटर मांडलाय, त्याच्यावर इवलासा कॅमेरा. आमोद तिकडून पाहणार, आपली दुपार म्हणजे त्याची झोपायची वेळ. नीरजा म्हणाली, आत्या, तुमच्यावर संशय नाही, फक्त तुमच्या मिठावर आहे. पुणेरी बोलणं, रक्त न काढता कापतं.

पण मला राग आला नाही. बसू दे कॅमेरा. जे कुणी येतं ते दिसेल तरी.

हो, कुणीतरी येतं. आज पहिल्यांदा लिहिलं हे. गॅलरीचं दार मी लावून घेते, आणि उठते तेव्हा ते उघडं असतं.

१९ एप्रिल

दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं. दोनदा चहा घेतला, उभ्याने वाती वळल्या. तरी खुर्चीत कधी बसले ते कळलं नाही. जाग आली तर पोरीच्या गालावर ओलसर, चिकट — आणि खारटपणा पुन्हा गेलेला. तिचे डोळे उघडे होते. रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

पाणी प्यायला गेले. पेला ओठाला लावला आणि थांबले.

माझ्या ओठांवर मीठ होतं. जिभेवर, हिरड्यांवर, सगळीकडे.

२२ एप्रिल

आमोदचा फोन. हसत म्हणाला, माला आत्या, किती पापे घेशील गं, पोरीचं कातडं झिजेल! काल म्हणे मी पाळण्यावर वाकले ती वाकलेलीच होते. तो बघता बघता कंटाळून झोपायला गेला.

काल दुपारी मी खुर्चीत होते. झोपेत होते. खुर्चीत.

त्याला विचारलं, नक्की मीच होते? तो म्हणाला, तुझंच हिरवं लुगडं, तुझाच अंबाडा. चेहरा काही दिसला नाही. तू मान वर केलीच नाहीस.

२४ एप्रिल

नीरजाला सगळं सांगितलं. मिठापासून, खड्ड्यापासून. माझी तोंडातली चव सांगितली. पाया पडले तिच्या, मला पाठवून दे म्हटलं. वाटलं हसेल, हाकलेल. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, आत्या, तुम्ही थकलायत, दवाखान्यात तुमच्याही जिवाचं पाणी झालंय. शुक्रवारपासून ती रजा घेतेय. त्याच रात्रीचं माझं तिकीट. तोवर रोज दुपारी इंदुबाई माझ्याबरोबर बसेल.

तीनच तर दिवस. निघतील.

पोरगी आज माझं बोट धरून झोपली. माझा जीव आहे गं तुझ्यावर. हे माझंच बोलणं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

२६ एप्रिल

इंदुबाई पळून गेली. मी पाळण्याजवळ उभी होते, म्हणजे जागी झाले तेव्हा तिथे उभी होते. ती दारात. हाताला साबण तसाच. माझ्या तोंडाकडे बघत मागे मागे सरकली आणि चपला न घालता जिन्याने —

आरशात पाहिलं. माझंच तोंड. हनुवटी ओली.

२७ एप्रिल, गुरुवार

लाईट गेली. गुरुवारची जातेच. पंखा बंद, कॅमेरा बंद. पोरगी घामाने निथळतेय. मीठ-पाणी पाजलं, थोपटलं, ओल्या फडक्याने पुसलं. इंदुबाई आलेली नाही, नीरजा सकाळी म्हणाली, आजचा एकच दिवस काढा, आत्या. शेजारचे सुट्टीला गावी गेलेत.

नीरजाला फोन केला. आत्ताच्या आत्ता ये, नाहीतर तुझी पोरगी उरणार नाही. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, निघाली. हिंजवडीहून तास तरी लागेल.

घराबाहेर जाऊन बसले असते. पण खोकता खोकता कफ अडकला तर उचलायला कुणी हवं ना. म्हणून स्पृहा आतल्या खोलीत. बाहेरून कडी घातली. मी हॉलमध्ये. डावा हात खिडकीच्या गजाला पदराने बांधलाय, दातांनी गाठ आवळली. उजव्या हाताने लिहितेय. लिहितेय तोवर मी जागी. लिहितेय तोवर मी मी आहे.

खोकली. एकदाच. आता नीट आहे.

माझं नाव विजयमाला. अकोला. बँक. आमोद माझा भाचा. काय लिहू. काहीही. पोरीचं नाव स्पृहा. तिला गाणं आवडतं, कुठलंही. तिला —

गॅलरीचं दार वाजलं. नाही बघणार. मान वर नाही —

लिहीतच आहे. एकही ओळ सोडली नाही. झोपले नाही. पदर सुटलेला आहे. पदर कुणी सोडला. कडी उघडी आहे. मी उठले नाही मी इथेच लिहीत —

जीभ खारट आहे.

स्पृहा रडत नाहीये. नीरजा, दार उघडलंस की माझं काही ऐकू नकोस. मी गोड बोलेन. तू मला ढकल आणि आधी तिच्याकडे धाव, तिला उचल, दवाखान्यात ने, तिच्यात मीठ उरलेलं नाही, ती अजून आहे, श्वास ऐकू येतोय, धाव —

खाली गाडी थांबली. लिफ्ट बंद. जिना चढतेय. चपलांचा आवाज. लवकर ये बाई, लवकर —

आली वाटतं. दमून आली असेल बिचारी. पोर किती छान झोपलीय. तिला सांगते, आधी बस, पाणी पी, घाई कसली. उगीच आत जाऊन झोप कशाला मोडाय