शेठाणीच्या लेकीचा हार

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लाल रेशीम पायाच्या अंगठ्याला अडकवलं की तुझाच आवाज कानात येतो. "पोरी, दोरा धर. ढिला सोडू नको." काल माझ्या लेकीच्या लग्नाचा हार गाठवायला घेतला आणि तो आवाज आला. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे, म्हणून लिहायला बसले.

तो दिवस तू विसरली नसशील. नंदुरबारचं आपलं घर, तू लोकांचे हार गाठवायचीस ती पुढची खोली आणि जाजमावर बसलेली मारवाड्याची शेठाणी. तिच्या लेकीचा हार होता तो, छातीभर रुंद. लाल रेशमी दोर, त्यात काळे मणी, सोन्याचे मणी आणि दर मण्यामागे गाठ, म्हणजे दोर तुटला तरी मणी सांडायचे नाहीत. आपलं सोनं दुसऱ्याच्या घरी सोडून जायचं नाही ही रीत, म्हणून ती सकाळपासून समोर ठाण मांडून बसलेली. दुसऱ्या दिवशी लग्न. हार होत आला होता, शेवटची गाठ तेवढी राहिली होती. ती सवाष्णीनंच मारायची आणि मारताना आपल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे नवरीचं कुंकू टिकतं. गावात तुझ्या हाताला मान होता तो त्या नावामुळे. बा सुरतेला जरीच्या कामावर होता. लांब होता, पण होता.

मागच्या दारी कुणीतरी हाक मारली. तू अंगठ्यावरचा फास काढून माझ्या बोटात अडकवलास आणि उठलीस. मी दोर ताणून बसले. शेठाणीची पाठ तिकडे होती, मला मात्र स्वैपाकघराच्या दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. बाच्या सोबत काम करणारा माणूस टोपी हातात धरून उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, परवा गया तो. पटकी लागनी व्हती. तठेच आगीन दिधी आम्ही."

तू भिंतीला हात टेकलास. मग घागरीतल्या पाण्यानं हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि परत येऊन बसलीस.

"कोन व्हतं वं?" शेठाणीनं विचारलं.

"सुरतना माणूस व्हता. त्यासना निरोप लई उना."

"काय म्हने?"

"येवाले उशीर लागी."

माझ्या हातातला दोर ढिला पडला. शेठाणी आधी दोराकडे बघते, मग माझ्याकडे. "पोरले काय व्हयनं?" तू मान वर न करता म्हणतेस, "भूक लागनी व्हई." आणि लुगड्याच्या घोळाखाली तुझा पाय माझ्या पायावर येतो, असा दाबून की मला ओरडताही येत नाही. तू दोर वळवलास, पीळ दिलास, गाठ ओढलीस आणि बाचं नाव घेतलंस. स्वच्छ, मोठ्यानं, रोज घ्यायचीस तसंच. शेठाणीनं हार कपाळाला लावला आणि समाधानानं घेऊन गेली. तू दाराला कडी घातलीस, चुलीपाशी जाऊन पाट्यावर हात आपटलेस. बांगड्यांचे तुकडे पिठाच्या परातीत उडाले. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "आते रड."

त्या दोन शब्दांचा राग मला कित्येक वर्षं पुरला. बापासाठी रडायलासुद्धा तुझी परवानगी लागावी? पुढे एकदा धीर करून विचारलं, "कसाले मारी ती गाठ?" तू भाकरी उलटत म्हणालीस, "अर्धा हार लई ती कोठे जाती?" तेवढंच. ती शेठाणीच्या लेकीची दया होती की आपल्या चुलीची काळजी, ते मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर शेवटच्या गाठीला तू शेजारणीला बोलावायचीस आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचीस. भीती मात्र माझ्या वाट्याला आली. शेठाणीच्या जावयाला नुसता ताप आला म्हणून कळलं तरी मी हातातलं काम टाकून उठायची. काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या दारावरून जायची, ओटीवर त्याचा जोडा दिसला की परत फिरायची. माय, शेठाणीची ती लेक गेल्या वर्षी गेली. भरल्या कपाळानं, नवऱ्याच्या खांद्यावरून. तिच्या घरच्यांपेक्षा मीच जास्त रडले. विधवेच्या हातची गाठ तिला जन्मभर पुरली होती.

आता मलाही तीन वर्षं झाली कपाळ पुसून. काल माझ्या दोन्ही जावा हिरवा चुडा भरून अंगणात बसल्या होत्या, शेवटच्या गाठीला हाक येईल म्हणून. मी हाक मारली नाही. हार घेऊन बाहेर आले तेव्हा मोठीनं विचारलं, "गाठ कोनी मारी?" मी म्हटलं, "मी." माझी लेक उठली, माझ्यासमोर येऊन मान वाकवून उभी राहिली. मी हार तिच्या गळ्यात घातला.

हा कागद आता चुलीत जाईल. अंगणात मी खरं बोलले, तुझ्यासारखं काही लपवलं नाही, असा तोरा रात्रभर मिरवला. पण गाठ मारताना मी आतून कडी घातली होती, माय, आणि यांचं नाव घेतलं ते कुजबुजत.