गुंडाळीतच गार झालेलं कापड

तात्या, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. बारामतीच्या या गिरणीत फिनिशिंग खात्यात आता तुमच्या जागी मी उभी असते, आणि लोकर-पॉलिस्टरचं कापड मशीनवरून उतरलं की आधी गालाला लावून बघते. सवय तुमचीच. लॅबमधल्या मुली हसतात, हसू देत.

मी लॅबमध्ये कापड तपासायला नवी होते तेव्हाचा तो दिवस. शाळेच्या ब्लेझरचं कापड दुपारी ट्रकमध्ये चढवायचं होतं आणि शेवटची वाफ द्यायचं मशीन बंद पडलेलं. "गुळगुळीत दिसतंय, जाऊ द्या," मी म्हणाले. तुम्ही नुकतेच निरवांगी गावाहून पाळीवर आलेले, जेवणाचा डबा अजून हातात. तुम्ही एक तुकडा कापलात, खडूनं त्यावर वीतभर चौकोन आखलात आणि ओलं फडकं टाकून इस्त्री दाबलीत. फडकं उचललं तर चौकोन आखडलेला, भोवतीनं कापडाला फुगे. "पोरी, ही लोकर अजून ताणात हाय!" सगळ्यांसमोर तुम्ही ओरडलात. एरवी मला मॅडम म्हणायचात. "शिंप्याच्या पहिल्या इस्त्रीला बाही वर चढंल. मग लेकरांनी काय घालायचं?"

फिटरशेजारी बसून तुम्ही संध्याकाळपर्यंत मशीन चालू करून घेतलंत. सुती कापडाच्या थरासोबत जाळीच्या रुळावर लोकरीची गुंडाळी चढते, आतून वाफ सुटते, ओल्या लोकरीचा वास खातंभर पसरतो. मला उलगडायची घाई. तुम्ही माझा हात धरता. "गुंडाळीतच गार हू द्या. गरम उलगडलं तर बसलेला धागा पुन्हा उठतोय." उलगडलं तेव्हा वरवरची चकाकी गेलेली, कापड मऊ, भरीव, मुठीत चुरगळून सोडलं तरी सपाट. पुन्हा इस्त्री दाबलीत. चौकोन तसूभरही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी उशिराचा जाब विचारला. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मॅडमना म्हाईत नव्हतं, साहेब. आता म्हाईत झालंय. फुडचे लॉट त्यांच्याच सहीनं जाऊ द्या." एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणीच टाकला नव्हता, आणि त्या सहीवरच माझी पुढची सगळी नोकरी झाली.

तात्या, मला माहीत होतं. आखडण्याची चाचणी मी सकाळीच केली होती. पहिलाच लॉट थांबवला तर नोकरी जाईल, या भीतीनं निकालाचा कागद ड्रॉवरमध्ये सरकवला होता. तुम्ही होता तोवर हे सांगायचा धीर झाला नाही.