चौकशीला आलेला माणूस

कऱ्हाटी, ५ ऑगस्ट २०२५

चि. श्रेयास आबांचा आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. फोन मुद्दाम केला नाही. इंटरनेट बंद करायचे सरकारी हुकूम तू पीएच.डी.साठी गोळा करतेस, असं दिवाळीत म्हणालीस. तेव्हापासून मला फोनचा भरवसा नाही.

महिन्यापूर्वी मोटारसायकलवर एक माणूस आला. साधे कपडे, हातात फाईल. श्रेया इथलीच का, काय शिकते, विचारू लागला. पोलीस आहे म्हणाला, पण तसं कुणीही म्हणेल. मी सांगितलं, नात इथली नव्हे, लग्न होऊन इंदापूरला गेली, नातजावई लोणी देवकरला कंपनीत आहे, तिला कॉम्प्युटर कळत नाही. गुमान लिहून घेऊन गेला. तुझी आजी म्हणते, चहा तरी विचारायचा होता. जपून राहा.

तुझा आबा,
सर्जेराव


पुणे, १३ ऑगस्ट

ती. आबांना नमस्कार.

पत्र वाचून हसले, मग रडू आलं. तो पोलीसच होता, माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आलेला. अर्जात मी गावचाच पत्ता दिलाय. पत्ता खोटा असा शेरा पडून पासपोर्ट अडकलाय. नोव्हेंबरात परदेशी परिषदेत मला निबंध वाचायचाय. तुम्ही बारामतीला जाऊन पोलिसांना खरं सांगा, तरच जमेल.

माझ्या कामात लपवण्यासारखं काही नाही. इंटरनेट बंद करताना कारण लोकांना सांगावं, असा नियम आहे. तो कुठं पाळतात, कुठं नाही, एवढंच मी तपासते.

माझ्या नवऱ्याचं नाव तेवढं कळवा.

तुमची श्रेया


कऱ्हाटी, १९ ऑगस्ट

चि. श्रेयास आशीर्वाद.

नाव नागेश सांगितलं होतं. चुकलंच माझं. तुझी आजी दोन दिवस बोलत नाही. खोटं बोललो म्हणून बारामतीला जाऊन कबूल करीन, मग आत टाकलं तरी चालेल.

पण तुझं पत्र छापील आलं. खाली सही आहे, ती कुणीही करील. माझ्याच तोंडून तुझा ठावठिकाणा काढायचा कुणाचा डाव असला तर? लहानपणी तू शेळी पाळली होतीस. तिचं नाव आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. ते हातानं लिहून पाठव. तुझं कामही मोठ्या अक्षरात लिही, विचारलं तर तेच वाचून दाखवीन. या वेळी मनचं काही सांगणार नाही.

धोतर धुऊन ठेवलंय. शेळीचं नाव आलं की पहिल्या एसटीनं निघतो. लवकर कळव, पण फोनवर नको.

तुझा आबा