तू गाळलेला दुसरा माणूस

प्रिय केतन,

मी फोन उचलत नाही म्हणून मेसेजवर मेसेज टाकू नकोस. फोनवर मी ओरडले असते आणि तू ‘ताई, चिल यार’ म्हणाला असतास. म्हणून लिहिते आहे.

तू आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी जेवायला आलास, त्या संध्याकाळी संग्राम सीमेवरच्या दिवसांबद्दल पहिल्यांदा बोलला. सैन्यात तो स्नायपर होता, एवढंच मला इतकी वर्षं माहीत होतं. लपून पडून राहायचं, दुर्बिणीतून एखाद्या माणसाला बघत राहायचं आणि हुकूम आला की गोळी झाडायची. त्या संध्याकाळी त्याने सांगितलं, शत्रूच्या समोरच्या चौकीतला एक उंच माणूस दगडावर मोजे वाळत घालायचा, कुत्र्याला पोळी टाकायचा. त्याला याने मारलं. मग दुसरा एक जण रांगत आला आणि त्याचे पाय धरून ओढू लागला. वायरलेसवर हुकूम आला, त्यालाही उडव. संग्रामने ट्रिगरवरचं बोट काढून घेतलं. हे सांगताना तो रडला. मी भांडी तशीच टाकून त्याच्याशेजारी येऊन बसले. आणि तुझा फोन ताटाजवळ उपडा पडलेला, रेकॉर्डिंग चालू.

मग ते तुझ्या चॅनलवर आलं. ‘जीजाजी का निशाना’. मागे ढणढण संगीत, गोळीचा आवाज. पहिला माणूस पडतो तिथे तू संपवलंस. संग्रामचं रडणं गाळलंस आणि तो दुसरा माणूसही गाळलास.

आता खालच्या मजल्यावरचे अंकल लिफ्टमध्ये विचारतात, ‘भाईसाहब, टोटल कितने?’ क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. संग्राम जिन्याने जायला लागला. मग घराबाहेर जाणंच बंद केलं, ऑफिसला रजा टाकली. एवढं काय लागलं, म्हणून मी विचारलं. म्हणाला, “मी मारलं, ते खरंच आहे. पण त्या दुसऱ्याला जाऊ दिलं, स्वरूपा. तिथे स्वतःच्या मनाने केलेलं तेवढं एकच.”

तेवढंच तू काढून घेतलंस, केतन. गुरुग्रामच्या गार स्टुडिओत बसून, व्ह्यूजसाठी. आणि वर आईला सांगतोस की ताई उगाच इश्यू करते आहे.

माझं चाललं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं, आपलं बोलणंही. पण तू त्याला दुसऱ्या भागासाठी बोलावलंस आणि तो हो म्हणाला. हे मला आज कळलं, तो शर्टाला इस्त्री करत होता तेव्हा. हुकूम मोडला हेही त्याला सांगायचं आहे. लोक भित्रा म्हणतील, गद्दार म्हणतील, त्याला ठाऊक आहे. मी त्याला अडवू शकले नाही, पण तुला बजावू शकते. रविवारी आम्ही मेट्रोने येऊ, गाडी पाठवू नकोस. मी कॅमेऱ्याच्या मागे बसणार आहे. तो बोलेल ते सगळं जसंच्या तसं जाईल. आणि या वेळी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्याला विचार.

रागातच, तरी तुझीच,
स्वरूपाताई