ज्या वर्षी बाबांची नक्कल झाली नाही

शनिवार, संध्याकाळ. चामराजपेट.

मुद्दाम लागेल असं बोलणाऱ्या विनोदवीरांवरचा माहितीपट पाहिला. कुणाची टिंगल करावी, कुणाची नाही, यावर नुसता काथ्याकूट! मला मात्र शेजारचे रघुअण्णा आठवत राहिले. गल्लीच्या गणपतीत ते दरवर्षी सगळ्यांच्या नकला करायचे, अगदी बाबांच्या लंगडण्याचीही. बाबाच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. ज्याची नक्कल राहायची, तो रुसायचा. हे कुणाला समजावून सांगू?

शेवटच्या वर्षी अण्णांनी बाबांना वगळलं. बाबांचा आजार आम्ही खुद्द बाबांपासून लपवला होता. फक्त अण्णांना सांगितला होता. घरी येताना बाबा स्वल्प थांबले.

"आज माझं लंगडणं केलं नाही त्याने," म्हणाले. "सरी, ठीक आहे. डॉक्टर किती दिवस म्हणालेत?"